फॅलोच्या शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय: रक्तप्रवाह मोजताना या चुका टाळा

लहानपणी टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मोठेपणी एमआरआयला येतो, तेव्हा कार्डिओलॉजिस्टला मुख्यतः एवढंच हवं असतं: फुप्फुसाच्या धमनीची झडप किती गळते, आणि नवी झडप बसवायची वेळ आली का? गळतीचा आकडा फेज कॉन्ट्रास्टमधून, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआय पद्धतीतून येतो. अडचण अशी, की सेटिंग चुकलं तरी मशीन आकडा देतंच, तोही दशांश चिन्हासकट.

सगळ्यात जास्त घोळ वेंकचा, म्हणजे मोजता येणाऱ्या कमाल वेगाच्या सेटिंगचा. महाधमनीसाठी ठेवलेला १५० सेंमी प्रतिसेकंद तसाच फुप्फुसाच्या धमनीलाही लावला जातो. तिथे शस्त्रक्रियेनंतर थोडा अरुंदपणा उरलेला असेल तर वेग सहज २०० च्या पुढे जातो, आणि मर्यादेबाहेरचा वेग उलट दिशेचा म्हणून नोंदला जातो. फेज इमेज (वेग दाखवणारं चित्र) सिस्टोलमध्ये, म्हणजे हृदय आकुंचन पावत असताना, थांबवून पाहा. पांढऱ्या धमनीच्या मधोमध काळा डाग दिसला, की समजा हेच झालंय. (काही मशीनवर काळं-पांढरं उलट दिसतं.)

समजा, ठोक्यामागे खरोखर ९८ मिली रक्त पुढे जातं आणि ३६ मागे येतं. गळती ३७ टक्के, म्हणजे मध्यम. या डागामुळे पुढे जाणारं रक्त ८६ मिलीच मोजलं गेलं, तर तीच गळती ४२ टक्के होते. आणि ४० च्या वर ती सहसा तीव्र धरतात. वेंक थोडा वाढवून पुन्हा स्कॅन घ्या, पण भीतीपोटी थेट ४०० करू नका, त्यात नॉइज वाढतो. इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) वेग पाहून त्याच्या १० ते २५ टक्के वर ठेवला की पुरे.

अशी चूक पकडायची सोपी वाट म्हणजे ताळा. हृदयात छिद्र उरलेलं नसेल तर महाधमनीतला निव्वळ प्रवाह आणि फुप्फुसाच्या धमनीतला निव्वळ प्रवाह जवळपास सारखाच यायला हवा. वरच्या उदाहरणात महाधमनीत ६१ असेल तर ६२ पटतं, ५० पटत नाही. शिवाय ट्रायकस्पिड झडप (उजव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याच्या, तोंडाची) गळत नसेल तर त्या जवनिकेचा सिनेवरून (हृदयाच्या हलत्या चित्रांवरून) काढलेला स्ट्रोक व्हॉल्यूम, म्हणजे दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, ९८ च्या आसपास हवा. हा हिशेब रुग्ण टेबलावर असतानाच करा. माझ्या मते दुसऱ्या दिवशी वर्कस्टेशनवर सापडलेल्या चुकीचा फारसा उपयोग नसतो.

वेंक बरोबर असूनही ताळा जमत नसेल तर बॅकग्राउंड ऑफसेटवर, म्हणजे स्थिर ऊतींमध्येही दिसणाऱ्या खोट्या वेगावर, संशय घ्या. ३ सेंमी व्यासाच्या फुगलेल्या धमनीचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस सेंमी. स्थिर ऊतींमध्ये १ सेंमी प्रतिसेकंदाचा खोटा वेग असेल, तर ७५ ठोक्यांच्या गतीला दर ठोक्यामागे साडेपाच मिलीची चूक होते. धमनी आयसोसेंटरला, म्हणजे चुंबकाच्या मध्यबिंदूला आणा. तरीही शंका राहिली तर त्याच सेटिंगवर स्थिर फँटम (चाचणीचा नमुना) स्कॅन करून वजावट करा. स्लाइस थोडी तिरकी झाल्याची मात्र लोक गरजेपेक्षा जास्त धास्ती घेतात. २० अंश कललं तर कमाल वेग ६ टक्के कमी दिसतो, पण छेदही तेवढाच मोठा होत असल्याने एकूण प्रवाह फारसा बदलत नाही. प्रेशर ग्रेडियंटसाठी (दाबातल्या फरकासाठी) मात्र इकोवरच विसंबा.

फुप्फुसाच्या धमनीच्या डाव्या-उजव्या फांद्यांतल्या प्रवाहाची वाटणी काढताना फक्त पुढे जाणारा प्रवाह घेऊ नका. डावीकडे गळती बहुधा जास्त असते, त्यामुळे निव्वळ प्रवाहच धरावा. फांदीत स्टेंट असेल तर त्याच्या आत सिग्नल मिळत नाही. स्लाइस त्याच्या पुढे घ्या, किंवा मुख्य धमनीतून दुसऱ्या फांदीचा प्रवाह वजा करा.

या रुग्णांत राइट बंडल ब्रांच ब्लॉक (उजव्या जवनिकेकडे विद्युत संदेश उशिरा पोहोचणं) नेहमीचाच. रुंद क्यूआरएसमुळे (ईसीजीतल्या मुख्य लाटेमुळे) गेटिंग, म्हणजे ठोक्याशी स्कॅनची वेळ जुळवणं, फसतं, तेव्हा ईसीजीची लीड बदलून पाहा. आणि उंची-वजन त्याच दिवशी मोजा. उजव्या जवनिकेचं आकारमान शरीराच्या पृष्ठफळाने भागलं जातं, वाढत्या वयाच्या मुलाचं सहा महिन्यांपूर्वीचं वजन तिथे चालत नाही.