बाटलीवरचं साल वाचायला शिकताना

वाइनचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी पहिलं काय केलं, तर सालांचा, म्हणजे कुठल्या वर्षीच्या तोडणीची वाइन कशी त्याचा, तक्ता तोंडपाठ केला. स्पेनमधल्या रिओहा भागाची नियामक परिषद हंगामांना शेरा देत आली आहे: एक्सेलेंते (उत्कृष्ट), मुय बुएना (फार चांगलं), बुएना (चांगलं) असे. 2001, 2004, 2010, 2011 एक्सेलेंते. 2013 नुसतं बुएना. मला वाटलं, झालं, आलं आपल्याला. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तक्ता सगळ्यात शेवटी उघडा.

मी नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरातली. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. वेल कधी पुरती झोपत नाही. रिओहात हिवाळ्यात वेलीचा नुसता काळा खुंट उरतो. एप्रिलच्या सुमाराला डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मणी रंग धरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. साल कसं होतं असं विचारू नका, कुठल्या महिन्यात काय झालं ते विचारा. तिथले जुने लोक असंच बोलतात.

2017 घ्या. उन्हाची ऊब लवकर आली, फुटवे पुढे गेले, आणि 28 एप्रिलच्या पहाटे पारा शून्याखाली घसरला. थंडीने मारलेला फुटवा हातात घेतला की कळतं: उकडलेल्या पालेभाजीसारखा मऊ, दुसऱ्या दिवशी काळा, चुरगळला तर बोटांत भुकटी. मग वेल राखीव डोळ्यातून पुन्हा फुटते, पण त्यावर घड कमी आणि तेही उशिरा पिकणारे. बागायतदाराचं वर्ष बुडालं. तरीही त्या हंगामाला शेरा मिळाला मुय बुएना! कारण शेरा वाइनच्या प्रतीला असतो, शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं त्याला नाही. हे समजलं त्या दिवशी मला आमच्या घरची गारपिटीची वर्षं आठवली.

2013 ला थंडी-पाऊस फार, तोडणी लांबलेली. त्याची क्रियांसा, म्हणजे ठरावीक काळ मुरवून विकलेली वाइन, मी 2011 च्या शेजारी ठेवून प्यायले. 2011 चं साल उष्ण, कोरडं. वाइन भरदार, पिकल्या जांभळासारखी. 2013 ची सडपातळ, आंबटपणा टवटवीत. तक्ता 2011 च्या बाजूने आहे, पण जेवणाबरोबर मी 2013 चीच निवडेन.

शिवाय एकच शेरा सगळ्या प्रदेशाला लागतो, ही मोठी गोची. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाचे डोंगर अटलांटिककडचे ढग अडवतात. त्यांच्या पायथ्याशी हवा गार. एब्रो नदीच्या कडेने पूर्वेला, रिओहा ओरिएंतालमध्ये उतरलं की ऊन वाढतं. तापलेल्या वर्षी पूर्वेकडचा टेम्प्रानियो (रिओहातला मुख्य काळ्या द्राक्षाचा वाण) लवकर साखर धरतो, पण आंबटपणा गमावतो. डोंगरालगतचा तेव्हाच नेमका जमून येतो. म्हणून सालाबरोबर गावही वाचा.

लेबलचे नियमही माहीत असू द्या. साल छापायचं तर किमान 85 टक्के द्राक्षं त्या हंगामाची लागतात. रिओहाच्या रेड वाइनमध्ये क्रियांसा दोन वर्षांनी, तिच्याहून जास्त मुरवलेली रेसेर्वा तीन, ग्रान रेसेर्वा पाच वर्षांनी, याआधी बाजारात येत नाही. आणि दक्षिण स्पेनमधल्या हेरेसच्या बहुतेक शेरी वाइनवर साल शोधत बसू नका. तिथे सोलेरा पद्धतीत जुन्या पिंपांत नवी वाइन भरत जातात, वर्षं एकमेकांत मिसळतात.

सराव असा करा. एकाच बोदेगाची (वाइन बनवणाऱ्या कारखान्याची), एकाच दर्जाची, लागोपाठच्या तीन सालांची वाइन मिळवा. चौघं मिळून वर्गणी काढली तर परवडतं. सालं कागदाने झाकून प्या, कुठलं उष्ण, कुठलं ओलं ते वहीत लिहा. मग कागद काढा, त्या हंगामांचा महिनावार पाऊस-तापमान शोधा, आणि चुकलेल्या बाटलीचा पेला परत उचला.