स्पॅनिशमधलं ‘थांब’ आणि ‘थांबा’

मेक्सिको सिटीत राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाई भाड्याची पावती घेऊन दारात आल्या. सत्तरीच्या बाई. मी मनापासून म्हणाले, “पासा, सेन्योरा, पासा!” मला म्हणायचं होतं, आत या. त्या आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. त्यांच्या लेकीनं मात्र नंतर जिन्यात मला हळूच सांगितलं, “आईला ‘पासे’ म्हणत जा.” मी त्यांना ‘ये गं’ म्हटलं होतं.

चूक माझ्या सातारी कानाची. आपल्याकडे ‘बोल’ला आकार जोडला की मान येतो: बोला, थांबा, उघडा. म्हणून स्पॅनिश ‘आब्ला’ कानावर पडलं की आपल्याला ते ‘बोला’ वाटतं. ते असतं ‘बोल’. इथे नव्यानं येणाऱ्या मराठी मंडळींना मी सगळ्यात आधी हेच सांगते, कारण तक्ते पाठ असले तरी तोंडून आकारच निघतो.

आता आज्ञेची रूपं करण्याची रीत. स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप आर, एर किंवा इर यांनी संपतं: आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, आब्रिर म्हणजे उघडणं. हे शेवटचे आर-एर-इर काढून टाका आणि समोर कोण आहे ते बघा. मैत्रीण, लहान मूल, बरोबरीचा सहकारी असेल तर त्याला स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात, उच्चारही आपलाच. ‘तू’साठी आर गटाला ‘आ’ लागतो, उरलेल्या दोन्ही गटांना ‘ए’: आब्ला, कोमे, आब्रे. ‘तो बोलतो’, ‘ती बोलते’ यांचंही रूप हेच आहे. ‘आना आब्ला’ म्हणजे आना बोलते. नावानंतर किंचित थांबून ‘आना, आब्ला’ म्हटलं की आना, बोल.

मान द्यायचा तो ‘उस्तेद’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. इथे स्वरांची अदलाबदल होते. ज्याला ‘आ’ होता त्याला ‘ए’, ज्याला ‘ए’ होता त्याला ‘आ’: आब्ले, कोमा, आब्रा. समोर अनेक जण असतील तर त्यालाच ‘न’ जोडा: आब्लेन, कोमान, आब्रान. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्यासाठी आब्लाद, कोमेद, आब्रिद अशी वेगळी रूपं आहेत. मेक्सिकोत ती कुणी बोलत नाही, तेव्हा इथे राहणाऱ्यांनी ती वाचून ओळखता आली तरी पुरे.

पाठांतरापेक्षा मला या शहरानं जास्त शिकवलं. अनोळखी माणसाला उद्देशून लिहिलेल्या सूचना बहुतेक ‘उस्तेद’मध्ये असतात. दुकानाच्या दारावर एका बाजूला ‘एम्पुखे’, ढकला. दुसऱ्या बाजूला ‘खाले’, ओढा. (स्पेनमध्ये ‘ओढा’साठी ‘तिरे’ लिहितात.) मेट्रोच्या दाराशी सूचना असते की आत शिरण्याआधी ‘पेर्मिता सालिर’, उतरणाऱ्यांना उतरू द्या. एम्पुखार आणि खालार आर गटातले, म्हणून ए. पेर्मितिर इर गटातलं, म्हणून आ. रोज अशा तीन पाट्या वाचा आणि प्रत्येकीचं ‘तू’चं रूप मनात करा: एम्पुखा, खाला, पेर्मिते. आठवडाभरात जीभ वळते.

संध्याकाळी तामाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) विकणाऱ्याच्या गाडीवरचा भोंगा ऐकू येतो: ‘आसेर्केसे’, जवळ या. आसेर्कार हे क्रियापद, मानासाठी झालं आसेर्के, आणि ‘स्वतःला’ या अर्थाचा ‘से’ मागे चिकटला. आपण ‘मला सांग’ म्हणताना ‘मला’ आधी आणि सुटा ठेवतो. स्पॅनिश आज्ञेत तो क्रियापदाच्या मागे जोडून येतो. पासामे ला साल, मला मीठ दे. आब्रेला, ते उघड (दार स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे). शब्द लांबला तरी जोर पहिल्या जागीच राहतो: ‘पासा’मध्ये पहिल्या ‘पा’वर होता, ‘पासामे’मध्येही तिथेच. लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ द्यायला विसरू नका.

याच आसेर्कारचं स्पेलिंग आज्ञेत बदलतं, तसंच पिकार (बारीक चिरणं) आणि पागार (पैसे देणं) यांचंही. रोमन अक्षरांत शिकणारे इथे घाबरतात. मी वहीत देवनागरीत लिहून पाहिलं: पिकार, पिके, पागार, पागे. काहीच बदललं नाही! स्पेलिंग बदलतं ते फक्त ‘क’चा आणि ‘ग’चा आवाज तोच राहावा म्हणून.

बाजारात मात्र ‘पासे’ क्वचितच ऐकाल. तिथे ‘पासेले, पासेले!’ चाललेलं असतं. या ‘ले’ला वेगळा अर्थ नाही, तो नुसता जिव्हाळा आहे. आपण ‘या की आत’ म्हणतो ना, त्यातला ‘की’. आणि ‘जरा थांबा’ म्हणायचं तर ‘एस्पेरेमे तान्तितो’. त्या ‘तान्तितो’त आपला ‘जरा’ अख्खा बसतो. नुसतं ‘एस्पेरे’ इथे तुटक वाटतं, ते टाळा.

‘जेवू या’, ‘बोलू या’ हेही सोपं आहे. उस्तेदचं रूप घ्या आणि पुढे ‘मोस’ लावा: कोमामोस, आब्लेमोस.

हाक मारल्यावर इथे लोक ‘मान्दे?’ म्हणतात. ते मान्दारचं उस्तेदचं रूप, शब्दशः ‘आज्ञा करा’. वापरात आपलं ‘काय म्हणालात?’ किंवा ‘अं, जी?’. घरमालकीणबाई मलासुद्धा ‘मान्दे’च म्हणतात. आता त्या पावती घेऊन आल्या की मी दार उघडते आणि म्हणते, “पासेले, सेन्योरा.”