गिटार सारखी बेसूर होतेय? ट्युनर्स बदलायच्या आधी या चुका टाळा

माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार घेऊन येणाऱ्या पोरांचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "ताई, ट्यूनिंग टिकतच नाही, ट्युनर्स गेलेत वाटतं." आणि बहुतेकांचे ट्युनर्स, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या, ठणठणीत असतात. ट्युनरच्या आत वर्म गिअर असतो, खुंटी साधारण १४ ते १८ वेळा फिरवली की पोस्टचा, म्हणजे तार गुंडाळलेल्या दांडीचा, एक फेरा होतो, आणि या गिअरची रचनाच अशी की तारेने कितीही ओढलं तरी पोस्ट उलटी फिरत नाही. म्हणजे ट्युनर आपोआप सैल पडतोय ही शक्यता सगळ्यात शेवटची, पण पैसे मात्र सगळ्यात आधी तिथेच जातात. तार पोस्टवरून निघते, नटमधून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत जाते, तर ती मधे कुठे अडकतेय किंवा कुठे सैल पडतेय एवढंच शोधायचं असतं. त्याला फार वेळ लागत नाही, पण शोधायच्या आधीच ऑनलाइन ऑर्डर देऊन मोकळं व्हायची घाई असते ना, ती आधी सोडा.

नटकडे कुणी बघतच नाही

नट म्हणजे हेडस्टॉक (खुंट्या असतात तो शेंडा) आणि फ्रेटबोर्ड (फ्रेटच्या धातूपट्ट्या बसवलेली फळी) यांच्या मधली ती खाचा पाडलेली पट्टी. माझ्या मते ट्यूनिंगच्या तक्रारींमधला सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच, आणि सगळ्यात दुर्लक्षित पण हाच. डोंबिवलीचा एक मुलगा होता, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायचा, लेस पॉलच्या धाटणीची गिटार, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या. गॅदरिंग जवळ आलेलं आणि जी (G) तार बेंड केली, म्हणजे बोटाने बाजूला ताणली, की परत येताना उतरलेली. याने व्हिडिओ बघून तार पकडून ठेवणारे लॉकिंग ट्युनर्स मागवले, जुन्या स्क्रूची भोकं जुळेनात म्हणून घरच्या ड्रिलने हेडस्टॉकला नवी भोकं पाडली, त्यातलं एक इतकं कडेला गेलं की लाकडाला चीर पडली, आणि एवढं सगळं करून जी तार जशीच्या तशी बेसूर. मी टेबलावर घेतली आणि जी तार हळूहळू चढवायला लागले. सूर दाखवणाऱ्या मीटरचा (त्यालाही ट्युनरच म्हणतात) काटा हलेना. अजून थोडी फिरवली, तरी हलेना. मग नटमधून "टिंग" असा बारीक आवाज आला आणि काटा एकदम वर उडाला. हा आवाज आला की निदान झालं. दहाच्या सेटसाठी (आकडा जितका मोठा तितक्या तारा जाड) कापलेल्या नटमध्ये त्याने अकराचा सेट चढवला होता, जाड तार खाचेत घट्ट बसली होती, त्यात अशा हेडस्टॉकवर जी आणि डी तारा नटमधून निघाल्यावर बाजूला वळतात त्यामुळे घर्षण अजून वाढतं.

तुमच्या गिटारला तेच होतंय का ते बघायची माझी पद्धत सांगते. तार नीट लावा, एक जोरदार बेंड मारा, परत ट्युनर बघा. तार उतरलेली दिसली तर नट आणि खुंटीच्या मधला भाग बोटाने हलकेच दाबून सोडा. आता सूर परत जागेवर आला तर गडबड नटमध्येच आहे, कारण बेंड करताना नटमधून थोडी तार इकडे ओढली गेली आणि परत सरकलीच नाही. व्हॅमी बार (ब्रिज हलवून सूर लहरवायचा दांडा) खाली दाबल्यावर याच्या उलट होतं, बार सोडला की तार चढलेली दिसते.

उपाय म्हणाल तर आधी पेन्सिल. टू बी किंवा फोर बी घ्या, तार खाचेतून बाजूला करा आणि शिसं खाचेत चांगलं घासा. मी तारा बदलताना दर वेळी करतेच, गरज असो नसो. तेवढ्याने भागलं नाही तर खाच थोडी रुंद करायची, तारेच्या जाडीपेक्षा किंचित मोठी. नटच्या खास कानशी महाग असतात, माझं काम बऱ्याचदा ६०० नंबरचा पॉलिश पेपर जुन्या तारेभोवती गुंडाळून होतं. फक्त बाजूच्या भिंती घासायच्या, तळ खोल करायचा नाही, आणि उतार हेडस्टॉककडे ठेवायचा म्हणजे तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकेल. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते. मग सुपरग्लू आणि बेकिंग सोडा भरून खाच बुजवायचा जुगाड सगळ्यांना माहीत असतो, शो तोंडावर असेल तर करा, पण नंतर नवा नट बसवून घ्या, तो भराव टिकत नाही.

आणि उलटा प्रकार, नट उंच असेल तर ई मेजर कॉर्ड छान वाजतो आणि एफ लावला की कानाला टोचतं, कारण पहिल्या फ्रेटपर्यंत तार खूप खाली दाबावी लागते आणि ती चढते. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून बघा, पहिल्या फ्रेटवर जेमतेम दिसेल एवढीच फट हवी.

नव्या तारा लावल्या आणि लगेच स्टेजवर

नवी तार ताणून घ्यावीच लागते. बाराव्या फ्रेटजवळ धरून हलकेच वर ओढा, परत लावा, परत ओढा, उतरायची थांबेपर्यंत. पोस्टवर दोन-तीन वेढे पुरे, खालच्या दिशेने एकाखाली एक, लॉकिंग ट्युनर असेल तर एक वेढासुद्धा नको. सात-आठ वेढे एकमेकांवर चढवून ठेवलेले असतात आणि मग म्हणतात तार सरकते, सरकणारच. आणि सूर नेहमी खालून वर लावायचा, तार जास्त चढली तर पूर्ण खाली आणून परत वर या.

कान चांगला असलेल्यांची चूक

ही चूक गाणं शिकलेली मुलं करतात, आणि त्यांच्याबद्दल मला खरंच माया आहे कारण त्यांना ऐकू येतं. तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो शुद्ध असतो, आणि गिटारच्या फ्रेट्सवरचा गंधार त्याच्यापेक्षा जवळपास १४ सेंटने (एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो, कारण गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. आता हा मुलगा जी मेजर लावतो, त्यातली मोकळी बी तार त्याला चढी वाटते, तो ती गोड लागेपर्यंत उतरवतो. जी मेजर सुंदर झाला. मग ई मेजर वाजवला तर तीच बी तार तिथे पंचम आहे आणि आता चक्क उतरलेली आहे, डी मेजरमध्ये तर त्याच तारेवर षड्ज येतो. मग तो दुसरी तार हलवतो, मग तिसरी, आणि अर्ध्या तासाने गिटार भिंतीला टेकवून ठेवतो. पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्या हार्मोनिकने (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) तारा जुळवणारे पण थोडे फसतात, सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, त्यात दर वेळी दोन सेंटचा फरक साठत जातो. प्रत्येक मोकळी तार ट्युनरवर वेगवेगळी लावा आणि मग कॉर्ड ऐकून हात लावू नका. हार्मोनियमबरोबर वाजवायचं असेल तर मात्र आधी पेटीचा सूर ट्युनरवर तपासा, बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात, आणि त्या वेळी ट्युनरचा आधार-सूर बदलून गिटारने पेटीकडे जायचं, पेटी तुमच्याकडे येणार नाही.

अ‍ॅक्शन कमी करायला ट्रस रॉड पिळणं

याचा मला राग येतो, सरळ सांगते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळी, नेकचा बाक ठरवतो, तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, सॅडलने (ब्रिजवरचे तारेखालचे तुकडे) ठरते. नेकचा बाक असा बघायचा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते फिलर गेजने मोजा, गॅरेजला सामान विकणाऱ्या दुकानात गेज मिळतो. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर नेकला हात लावायचा नाही. फट जास्त असेल तर रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, तार परत लावायची, परत मोजायचं. एका वेळी पाव फेराच. आणि एलन की (षटकोनी चावी) बरोबर मापाची हवी, हे तर पाठच करा: अमेरिकन मापाच्या बऱ्याच गिटारना १/८ इंची की लागते, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, आपल्याकडच्या सेटमध्ये ३ ची असते आणि ती आत जाते पण, थोडी ढिली, जोर लावला की आतले कोपरे गोल होतात. असा गोल झालेला रॉडचा नट एका दुकानातल्या माणसाने पुढे पकडीने पिळायचा प्रयत्न केलेली एक स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार) माझ्याकडे आली होती, हेडस्टॉकचं लाकूड चेपलेलं, रॉड जागचा हललेला नाही. तो नेकच बदलावा लागला. की ढिली वाटली की थांबा, दुसरी आणा.

नेक ठीक झाला की मगच सॅडल. माझी सवय बाराव्या फ्रेटवर बारीक ई ला दीड आणि जाड ई ला दोन मिलिमीटर. यापेक्षा खाली जायचा हट्ट नवीन मुलं फार करतात, मग सगळं खडखडतं आणि दोष फ्रेट्सना.

स्ट्रॅटचा तरंगता ब्रिज हा वेगळाच छळ. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला मागच्या पोकळीतल्या स्प्रिंग, तराजूसारखा तोल. नऊच्या सेटचा एकूण ताण साधारण ३८ किलो, दहाच्या सेटचा ४६ च्या आसपास, म्हणजे फक्त तारा बदलल्या तरी ब्रिज पुढे कलणार. तेव्हा एक तार लावली की बाकीच्या उतरतात म्हणून घाबरायचं नाही, सगळ्या तारा लावा, ब्रिजची मागची कड बॉडीपासून एक सूत वर आहे का बघा, नसेल तर स्प्रिंग अडकवलेल्या मागच्या पंजाचे दोन स्क्रू थोडे फिरवा, परत सगळ्या तारा लावा, हे जमेपर्यंत करत राहायचं. कंटाळा येतो हे मान्य, पण दुसरा रस्ता नाही. आणि तुम्ही बार वापरतच नसाल तर पंजा घट्ट करून ब्रिज बॉडीवर बसवून टाका. फ्लॉइड रोझवाल्यांनी (नटला कुलपं असलेला तरंगता ब्रिज) सगळ्या तारा एकदम काढू नयेत, आणि नटची कुलपं बंद असताना वरच्या खुंट्या पिळू नयेत, त्याने सूर हलत नाही, तार तुटते.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर येणं, सगळ्यात शेवटी आणि नव्या तारांवर. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळवायचा, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. गंजक्या तारांवर हे करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

पिकअप तारांच्या फार जवळ आणले की जाड तारांवर वरच्या फ्रेट्सना विचित्र लहरता आवाज येतो आणि ट्युनर स्थिर होत नाही, लोहचुंबक तारेला ओढतं, तेव्हा सिंगल कॉइल पिकअप थोडे खाली घ्या. पावसाळ्यात सॅडलचे स्क्रू गंजतात, तिथे स्प्रे मारू नका, कापसाच्या काडीवर थेंबभर तेल घेऊन लावा. गणपतीत एसी गाडीतून गिटार काढून थेट मांडवात वाजवायला घेऊ नका, केस उघडून अर्धा तास तिथल्या हवेत राहू दे, मग ट्यून करा. आणि एकाच फ्रेटवर तारेचा आवाज मरत असेल, बाकी सगळं बरोबर असूनही, तर बहुधा तिथले फ्रेट उंच-सखल झालेत, ते घरी कानस घेऊन करायचं काम नाही, फ्रेट लेव्हल करणाऱ्याकडे न्या आणि काम द्यायच्या आधी त्याने सपाट केलेली एखादी गिटार हातात घेऊन वाजवून बघा.