जुन्या इलेक्ट्रिक गिटारची पारख आणि रास्त किंमत

जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना चकाकीला भुलू नये. पन्नास-साठ वर्षे वाजवलेल्या वाद्याचा रंग हाताच्या घर्षणाने उडालेला असणारच. तो नव्यासारखा दिसत असेल, तर पुन्हा रंगकाम झाले आहे का, ही शंका आधी घ्यावी. या बाजारात सर्वाधिक मोल अस्सलपणाला आहे.

प्रथम गिटारचे साल ठरवावे. केवळ अनुक्रमांकावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण गिब्सन या अमेरिकी कंपनीने १९६०च्या दशकात अनेक क्रमांक पुन्हा वापरले, आणि फेंडर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या जुन्या गिटारचा क्रमांक ज्या धातूच्या पट्टीवर असतो ती चार स्क्रू काढून दुसऱ्या गिटारला बसवता येते. म्हणून विक्रेत्याच्या संमतीने गिटार उघडून पाहावी. ज्याची याला तयारी नसेल, त्याला मोठी रक्कम देऊ नये, असे माझे मत आहे. फेंडरच्या नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) बुडाशी बहुधा पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख मिळते. आतील पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचे अंकही बोलके असतात: १३७६६३३ यातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत, ६६ हे साल आणि ३३ हा त्या सालातील आठवडा. मात्र हे अंक पॉट कधी तयार झाला एवढेच सांगतात. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतल्याने त्या दशकाच्या अखेरच्या गिटारांतही त्याच सालाचे पॉट आढळतात. एका सालाच्या फरकानेही किंमत बरीच हलते, विशेषतः जानेवारी १९६५ मध्ये फेंडर सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली त्या काळाच्या आसपास.

गिटार उघडलीच आहे, तर वायरींचे सांधेही न्याहाळावेत. जुने सोल्डर निस्तेज असते. एखादाच थेंब चकचकीत दिसला, तर तिथे कोणीतरी हात घातला आहे. मल्टिमीटरने पिकअपचा, म्हणजे तारांच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या वेटोळ्याचा, विद्युत रोधही मोजावा: फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या जुन्या पिकअपचा तो साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम, तर गिब्सनच्या जुन्या हंबकरचा (दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा) ७ ते ९ किलोओहम असतो. आकडा यापासून फार दूर असेल, तर पिकअप बदललेला, नव्याने गुंडाळलेला किंवा तुटलेला असण्याचा संभव आहे.

रंगाची परीक्षा अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली करावी. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर (त्या काळचे रोगण) हिरवट-पिवळसर झळाळते आणि नंतर केलेले रंगकाम त्यात काळपट ठिगळासारखे उठून दिसते. हाच दिवा हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागेही फिरवावा. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि नेकमधल्या ट्रस रॉड या धातूच्या सळईच्या नटसाठी नेमके तो नेकला मिळतो त्याच ठिकाणी लाकूड कोरलेले असते, त्यामुळे गिटार पडली की तिथेच मोडते. उत्तम जोडकाम उघड्या डोळ्यांना दिसत नाही, दिव्याला मात्र बहुधा दिसते.

नेकवरून एका टोकाकडून नजर टाकावी. किंचित पुढे झुकलेला बाक ट्रस रॉडने सुधारतो, पीळ मात्र सुधारत नाही. नवे फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बसवलेले असणे हा मोठा दोष मानू नये, कारण फ्रेट झिजण्यासाठीच असतात.

किंमत ठरवताना त्याच सालाच्या, त्याच मॉडेलच्या अस्सल नगाचा प्रत्यक्ष विक्रीभाव आधारास घ्यावा. विक्रेत्यांनी मागितलेले भाव ही केवळ त्यांची अपेक्षा असते. संपूर्ण रंग बदललेला असल्यास, किंवा हेडस्टॉक मोडून जोडलेला असल्यास, किंमत साधारण निम्मी धरण्याचा संकेत आहे. दोन्ही दोष असतील, तर निम्म्याचे निम्मे. बदललेल्या ट्यूनरमुळे (तारा ताणणाऱ्या खुंट्यांमुळे) होणारी घट त्यामानाने किरकोळ असते, पण त्यासाठी नवी छिद्रे पाडली असतील तर ती कायमची राहतात.

परदेशातून गिटार घेणार असाल, तर फिंगरबोर्डचे (नेकवरच्या, बोटे टेकवायच्या फळीचे) लाकूडही विचारून घ्यावे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गिटारांत ब्राझिलियन रोजवुड आहे, आणि १९९२ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात असलेले हे लाकूड परवान्याशिवाय विक्रीसाठी सीमेपार नेता येत नाही. त्या परवान्याचा खर्च कोणी सोसायचा, हे सौदा पक्का होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.