एका सेटअपचे वीस कॉम्प्युटर करताना या चुका टाळा

आपल्या कोल्हापुरात शिरोलीतल्या फाउंड्रीचं डिझाइन ऑफिस असो, राजारामपुरीतला क्लास असो, नाहीतर लक्ष्मीपुरीतला डीटीपीवाला. एक मशीन नीट बसवायचं, त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची, म्हणजे क्लोन मारायचं, हीच पद्धत सगळीकडे. पद्धत योग्यच आहे. गडबड होते ती इमेज काढायच्या आधी.

सगळ्यात महागात पडते ती सिस्प्रेप न करता काढलेली इमेज. सिस्प्रेप म्हणजे इमेज काढण्याआधी मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजमधलंच टूल. विंडोज बसताना प्रत्येक मशीनला स्वतःचा एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक मिळतो. डिस्क जशीच्या तशी कॉपी केली की वीसही मशीनचा एसआयडी एकच होतो. बरीच वर्षं त्यानं फारसं अडायचं नाही. एसआयडी बदलणारं न्यूएसआयडी हे टूल मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये बंदच केलं. म्हणून जुने जाणकार आजही ‘काही होत नाही’ म्हणतात. आता होतं. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांमध्ये एकच एसआयडी असलेली मशीन एकमेकांना ओळख देत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही शेअर फोल्डर पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो, रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही. एका क्लासमध्ये मी यापायी दोन दिवस केबल आणि स्विच बदलत बसलो होतो. तुम्ही आधी प्रत्येक मशीनवर लोकल अकाउंटनं लॉगिन करून ‘हूॲमआय स्लॅश यूजर’ (whoami /user) ही कमांड द्या. शेवटच्या डॅशच्या आधीचा लांबलचक आकडा दोन मशीनवर सारखा आला, तर दोष नेटवर्कचा नाही. मग सिस्प्रेप केलेली नवी इमेज टाकण्यावाचून इलाज नाही.

सिस्प्रेप करताना ‘जनरलाइज’वर टिक हवीच, आणि शेवटी शटडाउन निवडा. बंद झालेलं मशीन इमेज काढण्याआधी चुकूनही त्याच्या विंडोजमध्ये चालू करू नका, केलेलं सगळं वाया जातं. क्लोनझिला या इमेज काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हवरूनच बूट करा. सिस्प्रेप मध्येच अडलं तर बहुतेक वेळा स्टोअरमधलं एखादं ॲप आड येतं. सिस्प्रेपच्या पँथर फोल्डरमधल्या सेटअपॲक्ट लॉगमध्ये त्याचं नाव सापडतं. ते काढून टाका आणि सेटअप होईपर्यंत इंटरनेट तोडून ठेवा.

मराठी कीबोर्ड एका यूजरपुरता बसवला तर नव्या यूजरला तो दिसत नाही. रीजन सेटिंगमधल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवरून तो नव्या यूजरसाठीही कॉपी करा. डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर चालणारं फॉन्ट सॉफ्टवेअर क्लोनमध्ये येतं, डोंगल येत नाही. जितकी मशीन, तितकी लायसन्स मोजूनच काम घ्या.

क्लोनझिलाला नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. ५१२ जीबीवरची इमेज २५६ जीबीवर जात नाही, आतला डेटा ८० जीबीच असला तरी. म्हणून मूळ सेटअप सगळ्यात लहान डिस्कच्या मशीनवरच करा. मशीन सुरू होण्याची पद्धत जुन्यांवर लेगसी बायोस आणि नव्यांवर यूईएफआय असेल, तर दोन वेगळ्या इमेज ठेवा.

आणि इमेजची हार्ड डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं, ते आपण पाहिलंय. एक प्रत वरच्या मजल्यावर, दुसरी घरी.