भडंग दुसऱ्या दिवशी मऊ का पडतं?

सांगलीहून भडंगाचे चुरमुरे आणले, घरी फोडणी दिली आणि दुसऱ्या दिवशी चामट! दोष बहुतेक वेळा चुरमुऱ्यांचा नसतो, लसणाचा असतो. पाव किलो चुरमुऱ्यांना पंधरा-वीस पाकळ्या सालासकट ठेचून घ्या आणि तेलात मंद आचेवर तळा. तेलातली चरचर थांबली, पाकळी तपकिरी होऊन झाऱ्यावर खडखड वाजली, की पाणी गेलं समजायचं. नुसती गुलाबी झालेली पाकळी आत ओली असते, तीच डबा बिघडवते. कढीपत्ताही धुऊन फडक्यावर कोरडा केलेला हवा. शेंगदाणे आधीच तळून बाजूला ठेवा.

गॅस बंद करून तेल जरा निवलं की मगच तिखट, हळद, मीठ. गरम तेलात तिखट जळतं, रंग काळपट येतो. पिठीसाखर सगळ्यात शेवटी, चमचाभरच. (आमच्याकडे यावरून दरवेळी वाद होतो.)

चुरमुरे आधी कढईत कोरडेच परतायचे, चिमटीत कुडकन मोडेपर्यंत. पावसाळ्यात तर हे टाळूच नका. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. कांदा, कोथिंबीर, लिंबू फक्त ताटलीत, डब्यात नाही.