परदेशी कवयित्रीवर दहा मिनिटं बोलायचं असेल तर

आमच्या इंदूरच्या महिला मंडळात महिन्यातून एकदा एकीनं कुणा लेखिकेवर बोलायचं असतं. मी हट्टानं मार्सेल देल्पास्त्र ही फ्रान्समधली कवयित्री घेतली. आणि पहिल्याच वेळी आपटले.

माझी चूक अशी की तिच्याच भाषेत, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितानमध्ये, गाणी रचणाऱ्या बाराव्या शतकातल्या दिया परगण्याच्या काउंटेसपासून सुरुवात केली. काउंटेसच्या एका गाण्याची चालसुद्धा टिकून आहे, मला फार अप्रूप. पण मार्सेलच्या जन्माचं 1925 साल येईतो स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास आला आणि माणसं उठलीच.

तेव्हा सुरुवात गावापासून करा. फ्रान्समधला लिमुझँ प्रांत, तिथलं जेर्मों नावाचं शेत. मार्सेल लिमोजला कला शिकायला गेली, परत आली आणि जन्मभर शेतीच केली. गुरं, शेत, कविता. 1998 साली गेली तीसुद्धा शेतकरीण म्हणूनच. एवढं सांगितलं की बायका सावरून बसतात.

मग भाषा. ऑक्सितान. ‘हो’ला ‘ओक’ म्हणतात, त्यावरून नाव. (आमच्यात एक ओक वहिनी आहेत. हसणं आवरेपर्यंत थांबा, घाई करू नका.) आधी ती फ्रेंचमध्ये लिहायची, ऑक्सितानकडे आली 1960च्या दशकात. का उशीर, ते सांगायलाच हवं: फ्रान्समधल्या शाळांत मुलं घरची भाषा बोलली की शिक्षा व्हायची. त्या लाजेला तिथे ‘वेर्गोन्या’ म्हणतात.

इथे स्वतःचं काही सांगा, पण एकच. मी सांगते पुण्याच्या नणंदेचं. स्वयंपाकघरात सहज म्हणाले, “गॅस बंद करून दे.” ती म्हणाली, “वहिनी, किती हिंदी बोलता!” मी दोन दिवस गप्पच होते.

बहिणाबाईंशी तुलना कुणीतरी काढणारच. उत्तर तयार ठेवा: बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, गाणी मुलानं उतरवून घेतली. ही शिकलेली, स्वतः लिहिणारी, गावातल्या कथा-चालीरीतीही गोळा करणारी. साम्य शेताचं, बाकी वेगळं.

पुस्तकांची यादी वाचू नका. ‘साउमेस पगान्स’ (1974) एवढंच नाव घ्या. अर्थ, बिगर-ख्रिस्ती स्तोत्रं. त्यावर आमच्याकडच्या आजी विचारतात, “म्हणजे कुणाची स्तोत्रं?” तिथून पुढची पाच मिनिटं आपोआप निघतात, फक्त पोहे आधी वाढू नका.